गुपचूप कुटुंब

ज्या बाईला घरात सगळे आई म्हणत, ती मुळात तिजोऱ्या उघडणारी होती. फोडणाऱ्यांबद्दल तिचं मत फार वाईट होतं. हातोडा, पहार, धूर, मग पळापळ. असल्या कामाला अक्कल कशाला लागते, असं ती चारचौघांत म्हणाली असती, पण असल्या गोष्टी चारचौघांत बोलायची सोय नसते. तिची रीत वेगळी. हात आधी काखेत धरून गरम करायचे. गाल तिजोरीच्या गार लोखंडाला लावायचा, डोळे मिटायचे, जिभेचं टोक ओठाच्या डाव्या कोपऱ्यातून किंचित बाहेर, आणि चकती इतकी हळू फिरवायची की आतल्या खाचा आपण होऊन बोलू लागाव्यात. वर्तमानपत्रवाल्यांनी तिला 'मखमली बोटं' असं नाव दिलं होतं आणि पोलिसांची खात्री होती की ही बोटं कोणा बाप्याचीच आहेत. ही खात्री तिने कधी मोडली नाही.

पुढे तिला या धंद्याचा कंटाळा आला. पश्चात्ताप वगैरे काही नाही, निव्वळ कंटाळा. एका जागी फार दिवस राहायचं नाही, शेजारणीशी दोन शब्द बोलायची चोरी, आणि पडदे शिवावेत तर कोणत्या खिडकीच्या मापाचे? शेवटी तिने बोटांना दुसरं काम लावलं. कपडे दुरुस्त करणाऱ्या एका दुकानात ती पँटी आखूड करू लागली, कोटाच्या कमरा सैल करू लागली, अडकलेल्या चेनी सोडवू लागली. चेनींच्या बाबतीत तिचा हात धरणारं दुकानात कोणी नव्हतं. नोकरी लागली तशी ती जागा शोधायला निघाली.

जागा सापडली, पण घरमालकीणबाईंच्या दारावर पाटी होती: 'वरची जागा फक्त कुटुंबाला.' आई तिथे पोचली तेव्हा ती पाटी वाचून हिरमुसलेला एक दांडगा माणूस जिन्यापाशी उभा होता. मान अशी की कॉलरचं बटण लागणं शक्यच नाही, हे तिने धंद्याच्या नजरेने लगेच हेरलं. शेजारी एक नीटनेटके म्हातारे गृहस्थ पाटी पुन्हा पुन्हा वाचत होते, मधल्या वेळात मजकूर बदललाय का ते बघायला. दांडग्या माणसाच्या मागे एक लहान मुलगी दप्तर घेऊन उभी होती. तेवढ्यात घरमालकीणबाई किल्ल्या खुळखुळवत बाहेर आल्या.

"आलात का सगळे? बरं झालं, एकदमच दाखवते. सूनबाई, सासऱ्यांचा हात धरा, जिना उभा आहे."

आईने हात धरला. आजवर तिने न विचारता पुष्कळ वस्तू उचलल्या होत्या, पण सासरा ही पहिलीच. म्हातारे गृहस्थ कुरकुरले नाहीत. दांडगा माणूस 'सूनबाई' ऐकून आधी इकडे तिकडे बघू लागला, मग नवरा आपणच असणार हे त्याच्या ध्यानात आलं आणि तो लाजून पुढे झाला. मुलगी मागोमाग चढली. वर स्वयंपाकघर आणि दोन खोल्या होत्या, खिडक्या मोठ्या होत्या, नळाला पाणी होतं. तिघांनाही जागा हवी होती. कुटुंब झालं.

पहिल्या संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्यांनी एकच नियम केला: मागचं कोणी कोणाला विचारायचं नाही. तिघांनीही तो इतक्या घाईने मान्य केला की जरा डोकं ठिकाणावर असलेल्या माणसाला तिथेच संशय आला असता. पण तिघंही आपलं गुपित वाचलं या आनंदात होते, दुसऱ्याला गुपित असू शकतं हे सुचायला कोणाला सवड होती? बाबांनी सांगितलं की ते वाचनालयात संध्याकाळच्या पाळीला असतात. आजोबांनी सांगितलं की ते निवृत्त भूगोल शिक्षक आहेत. मुलगी ब्रेडच्या कडा खात राहिली. तिच्या बोटांवर कायम शाईचे ठिपके असायचे, म्हणून ती ठिपकी झाली. ती बाबांची मुलगी होती, हे आईने जिन्यातच ओळखलं होतं. एकट्या बापाच्या पोरी अशाच असतात, वेणी वाकडी आणि बोलणं कमी.

बाबा घरी यायचे ते ठेचकाळून. कधी डोळा काळानिळा, कधी खांदा धरलेला.

"विश्वकोशाचा खंड पडला," ते म्हणायचे.

"वरच्या फळीवरून?" आई काळजीने विचारायची.

"फार वरच्या."

विश्वकोश जड असतो हे आईलाही ठाऊक होतं. ती त्यांच्या खांद्याला मलम लावायची आणि वाचनाची आवड माणसाला कुठल्या थराला नेते याचं नवल करायची. आजोबा बिस्किटांबद्दल भलते काटेकोर होते. बिस्कीट चहात बुडवून ते डोळे मिटून मोजायचे आणि तुकडा गळून पडला की म्हणायचे, "लोणी मारलंय. सरळसरळ लोणी मारलंय." भूगोल शिकवून शिकवून माणूस असा होत असेल, असं आईला वाटायचं. तिच्या बटणांचा डबा बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा होता, त्यावर एका भरघोस दाढीवाल्या शेठचं चित्र होतं. आजोबा जाता-येता त्या चित्राचं तोंड भिंतीकडे वळवून ठेवायचे. आई ते परत सरळ करायची. दाढी न आवडणारी माणसं असतात.

आजोबा नक्की कोणाचे वडील हेही धड ठरलं नव्हतं. घरमालकीणबाईंसमोर ते बाबांचे असायचे आणि दूधवाल्याकडे आईचे, कारण आईचे वडील म्हटलं की तो दूध जरा बरं घालायचा. आई बाबांना अहो म्हणायची. बाबाही तिला अहोच म्हणायचे. घरमालकीणबाईंना हा जुन्या वळणाचा आदर वाटून त्यांनी आपल्या जावयाला दोनदा ऐकवलं होतं.

ठिपकी सकाळी दप्तर घेऊन शाळेत जायची आणि संध्याकाळी शाईने माखून परत यायची. शाळेत लिहायला फार लावतात, असं तिघांचंही मत पडलं होतं. घरी आली की ती शिवणयंत्राखाली बसायची आणि तिथून सगळ्यांकडे बघत राहायची. दुसऱ्याची मुलगी, आपण किती जीव लावायचा, असं आई स्वतःला बजावायची आणि लगेच तिच्या फ्रॉकची दुमड सोडायला बसायची, कारण पोर उंच होत होती. अंधारातही दिव्याचं बटण न चाचपडता सापडावं इतके दिवस आई आयुष्यात प्रथमच एका घरात राहिली होती. तिला हे घर सोडायचं नव्हतं. साधीच गोष्ट, पण तिच्या बाबतीत पहिल्यांदाच घडत होती आणि त्यामुळे तिला त्याची भीती वाटायची.

आणि मग एक दिवस दुकानात आलेल्या एका पँटच्या खिशात तिला मुलांच्या साप्ताहिकाचा अंक सापडला.

मधल्या पानांवर जपानी मांगा पद्धतीची चित्रकथा होती. डोळे बशीएवढे, नाक म्हणजे एक टिंब, घाबरलं की कपाळावर भला मोठा घामाचा थेंब. नाव 'गुपचूप कुटुंब', खाली सही 'काका'. आईने सहज चाळायला घेतली आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं. पहिल्याच चौकटीत एक बाई न्हाणीघराच्या अडकलेल्या दाराला गाल लावून, डोळे मिटून, केसातल्या पिनेने कुलूप उघडत होती. जिभेचं टोक डाव्या कोपऱ्यातून बाहेर. खाली लिहिलं होतं: 'सगळ्यांना वाटतं ती शिवणकाम करते. पण ती आहे मखमली बोटं.'

खरंच तसं घडलं होतं. ठिपकी न्हाणीघरात अडकली होती आणि आईने दार उघडलं होतं. पण तेव्हा घरात दुसरं कोणीच नव्हतं, आणि ठिपकी तर दाराच्या आत होती. आतून कोण काय बघणार? म्हणजे समोरच्या इमारतीतून कोणीतरी पाळत ठेवून होतं. समोर दातांचा डॉक्टर होता. आईचा दातांच्या डॉक्टरांवर तसाही विश्वास नव्हता.

घाम पुसून तिने पुढची पानं वाचली आणि हळूहळू तिला हसू येऊ लागलं. चित्रातले बाबा वाचनालयात नोकरीला आहोत म्हणून सांगतात आणि प्रत्यक्षात आखाड्यात काळा मुखवटा चढवून 'कर्दनकाळ' नावाने लोकांना उचलून आपटतात. चित्रातले आजोबा दाढी भादरून तीन मुलांच्या तावडीतून पळालेले बिस्किटांचे कारखानदार. काय एकेक डोकं चालतं माणसांचं, आई मनात म्हणाली. आमचे हे पुस्तकाचं पान उलटतानासुद्धा त्याला दुखेल की काय अशा बेताने उलटतात. आणि आजोबा म्हणे कारखानदार. एका खऱ्या गोष्टीभोवती दोन थापा गुंडाळल्या की लोकांना सगळंच खोटं वाटतं, ही युक्ती तिला चांगली माहीत होती. हा काका बेरकी होता. त्याने तिला एकटीला बरोब्बर पकडलं होतं आणि बाकीच्या दोघांना नुसतं शोभेला उभं केलं होतं.

आता काळजी एकच. घरातल्यांच्या हाती हा अंक पडता कामा नये. बाबा भोळे, पण ठिपकी हुशार होती, तिने चित्र बघितलं तर न्हाणीघराची गोष्ट तिला आठवणारच. मग आईने कोपऱ्यावरच्या पेपरवाल्याकडचे सगळे अंक विकत घेतले आणि गादीखाली घातले. पुढच्या आठवड्यातही घेतले. गादी उंच झाली. त्यात एकदा पिठाच्या डब्यामागे तिला अंकांचा एक गठ्ठा दिसला, तेव्हा आपण तिथेही ठेवून विसरलो की काय, असं वाटून तिने कपाळाला हात लावला. बाबांच्या बुटांच्या कपाटामागेही काही सापडले. वय झालं, ती म्हणाली, आणि तेही गादीखाली घातले.

पेपरवाला मात्र खुशीत होता. त्याचे अंक दुकानाची फळी उघडताच संपायचे. त्याने जास्त मागवले, तेही संपले. आणखी मागवले, एक दांडगा गृहस्थ टोपी डोळ्यांवर ओढून सगळेच्या सगळे घेऊन गेला. साप्ताहिकाच्या कचेरीत बातमी पोचली की शहराच्या एका कोपऱ्यात 'गुपचूप कुटुंब' वाचायला लोक वेडे झालेत. त्यांनी चित्रकथा मधल्या पानांवरून मुखपृष्ठावर आणली. मग ती सगळ्या शहरात वाचली जाऊ लागली. दुकानातल्या मुली कात्र्या खाली ठेवून एकमेकींना वाचून दाखवू लागल्या. घरमालकीणबाईसुद्धा जिन्यात आईला थांबवून म्हणाल्या, "ती गोष्ट वाचता का हो? त्यातली घरमालकीण किती भोळी दाखवलीय. एवढं कोणी बावळट असतं का?"

"छे," आई म्हणाली.

तिला वाटलं, आता फार दिवस नाहीत. तिने आपली पिशवी भरून शिवणयंत्रामागे ठेवली. पोलीस आले तर ते या दारात येतील, ठिपकीच्या देखत हातात बेड्या पडतील, बाबांची वाचनालयातली नोकरी जाईल, आजोबांना या वयात धक्का बसेल. आपणच निघून गेलो तर निदान ही तीन निरपराध माणसं सुखाने राहतील. असं ठरवलं आणि तरी ती निघाली नाही. आधी ठिपकीची बाही झाली, मग बाबांचा कोट झाला, मग उगीचच पडद्यांना नवीन झालर लावली. पाय निघत नव्हता.

आणि मग नवा अंक आला. मुखपृष्ठावर एक भरलेली पिशवी, बाकी काही नाही. खाली लिहिलं होतं: 'पिशवी भरली आहे. पुढच्या अंकात शेवट.'

पिशवीचं कोणाला सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ठिपकी दप्तर घेऊन बाहेर पडली. आजोबा आपल्या खोलीत आणि बाबा अंथरुणात असावेत, असं तिला वाटलं. आईने ठिपकीच्या उशीखाली नवी शिवलेली पेटीकोटची जोडी ठेवली, कारण लिहून ठेवण्यासारखं तिच्याकडे काही नव्हतं, आणि दार हळूच ओढून घेतलं. कुलपं उघडण्यात हयात गेली होती, पण ते दार लावायला तिला दोनदा ओढावं लागलं.

जिन्याच्या वळणावर आजोबा उभे होते. हातात ट्रंक, डोक्यावर टोपी. त्यांच्यामागे बाबा एक लांबलचक पिशवी खांद्यावर टाकून चवड्यांवर उतरत होते, एवढ्या देहाचा माणूस चवड्यांवर चालतो तसे, म्हणजे प्रत्येक पायरी कुरकुरत होती.

"कुठे निघालात?" आईने विचारलं. खरं तर हे तिलाच विचारायला हवं होतं, पण अशा वेळी पहिला प्रश्न आपण टाकावा, हे ती धंद्यात शिकली होती.

"वाचनालयात," बाबा म्हणाले. "पुस्तकं परत करायची आहेत." पिशवीच्या तोंडातून एक चमचमती काळी विजार लोंबत होती.

"वाचनालय आज बंद असतं," आजोबा म्हणाले. "तुम्हीच सांगितलं होतंत."

"आणि तुम्ही?"

"मी जरा हवापालटाला."

"ट्रंक घेऊन?"

"हवा जरा जास्तच बदलायची आहे," आजोबा म्हणाले, "पण सूनबाई, तुमच्या हातातही पिशवी दिसते."

आईच्या तोंडाशी चांगली तीन-चार कारणं आली होती. तेवढ्यात बाबांच्या पिशवीची आधीच अडकलेली चेन ताणून पूर्ण उसवली आणि साप्ताहिकाचे अंक पायऱ्यांवरून घरंगळत गेले. ते उचलायला आजोबा वाकले तर त्यांच्या ट्रंकेची कडी निसटली, आतून तेच अंक. आईच्या पिशवीतही वरच एक होता, कपड्यांना घडी पडू नये म्हणून.

आजोबांनी एक अंक उचलला आणि दुसऱ्याशी ताडून पाहिला.

"आता लपवण्यात अर्थ नाही," आई म्हणाली. "यातली ती बाई मी आहे. तुम्हा दोघांना उगीच यात गोवलंय त्याने, त्याची मला लाज वाटते. मी तिजोऱ्या उघडायचे."

"फोडायचात?" बाबा दचकून म्हणाले.

"उघडायचे."

"पण तो कर्दनकाळ मी आहे," बाबा म्हणाले. "मला वाटलं, माझं एकट्याचंच खरं आहे आणि तुमचं त्याने मनाने रचलंय. तुमच्यासारखी पापभीरू बाई आणि तिजोऱ्या. मी तर हसलो होतो."

"हसलात?" आईला ते जरा लागलंच. "आणि विश्वकोश?"

"विश्वकोश म्हणजे एक मल्ल आहे, पिवळ्या मुखवट्याचा. फार जोरात पडतो अंगावर." बाबांनी मान खाली घातली. "उद्या लोक इथे माझा पत्ता शोधत येतील. आखाड्यातल्या खलनायकाचे चाहते हो, ते फुलं घेऊन येत नाहीत. खिडक्या फुटतील. म्हणून म्हटलं, आपणच जावं."

आजोबा ट्रंकेवर बसले. "माझी पोरं येतील. तीच तर भीती. ती खिडक्या फोडत नाहीत, ती सत्कार करतात. मला माझ्याच फोटोखाली बसवतात आणि बिस्किटातलं लोणी मारून त्याची नफ्यात बेरीज वाचून दाखवतात. तुम्हालाही हार घातले असते. तुमची सुटका व्हावी म्हणून मी निघालो होतो."

आईने बटणांच्या डब्यावरची ती दाढी मनातल्या मनात आजोबांच्या हनुवटीवर लावून पाहिली. तंतोतंत बसली. रोज ज्या चेहऱ्यातून बटणं काढली तो चेहरा समोर चहात बिस्कीट बुडवत होता आणि आपल्याला पत्ता नाही. तिजोरीच्या आतलं ऐकू येतं म्हणून मिरवणाऱ्या तिच्या कानांची तिला शरम वाटली. मग अचानक तिला दुसरंच काही सुचलं आणि तिचा पारा चढला.

"अहो, म्हणजे तुम्ही निघाला होतात, आणि पोरीला सोडून? संध्याकाळी ती दार वाजवत बसली असती तर?"

"सोडून म्हणजे?" बाबा म्हणाले. "तिचे आजोबा आहेत ना घरात, म्हणून तर निघालो."

"मी?" आजोबा म्हणाले. "मी तिचा नुसता म्हणण्यापुरता आजोबा. तिची आई इथे धडधाकट उभी आहे."

"मी नाही तिची आई. ती यांची मुलगी आहे. यांच्याच मागे उभी होती."

"माझं लग्नच झालेलं नाही," बाबा म्हणाले आणि कानापर्यंत लाल झाले. "मला वाटलं, ती आजोबांबरोबर आलीय. त्यांच्याच बाजूला होती."

"माझ्या बाजूला ती होती कारण तुमच्यामागे जागा उरत नाही," आजोबा म्हणाले. "मला पहिल्यापासून वाटत होतं, नाक सूनबाईंचंच आहे."

मागचं विचारायचं नाही हा नियम तिघांनी इतक्या इमानाने पाळला होता, की घरात एक सबंध मूल कोणाचंच नसताना वाढत होतं आणि तिघंही दुसऱ्याचं म्हणून तिला बिचकत होते. ती उशिरा झोपली तर कोणी काही बोललं नव्हतं, दूध टाकलं तर नाही, सगळीकडे शाईचे हात पुसले तर नाही. दुसऱ्याच्या पोरीला रागवायचं कसं?

"आजोबा, हलू नका जरा," खालून आवाज आला.

खालच्या वळणावर पायरीवर ठिपकी बसली होती. मांडीवर कागदांचा गठ्ठा, शेजारी शाईची दौत, हात भराभर चालत होता. तिने ट्रंकेची कडी पुरी केली आणि मग मान वर केली.

"काका," आई हळूच म्हणाली.

"कचेरीत सांगितलंय की माझे काका काढतात आणि मी नुसती पोचवते," ठिपकी म्हणाली. "लहान मुलीचं ते छापत नाहीत."

"आणि न्हाणीघराचं दार? तू तर आत होतीस."

"किल्लीच्या भोकातून. तुझी जीभ दिसत होती." तिने बाबांकडे बघितलं. "तुमचा मुखवटा वाळत होता, तुम्ही तो मोजा म्हणून सांगितलात. मोज्याला नाक नसतं. आजोबा झोपले की मी त्यांना कागदावर दाढी काढून बघितली."

"माझं पोट एवढं कुठे आहे?" बाबा दुखावल्या आवाजात म्हणाले. त्यांच्या हातात मुखपृष्ठ होतं.

"तू कोणाची गं?" आजोबांनी विचारलं. मऊपणे विचारलं, पण ठिपकीचा हात थांबला.

"कोणाची नाही. अनाथ मुलांच्या वसतिगृहातून आले. त्या दिवशी बाई म्हणाल्या, आलात का सगळे, म्हणून मीपण आले. वर गेल्यावर कोणीतरी विचारेल असं वाटलं होतं, कोणी विचारलंच नाही." तिने दौतीचं झाकण लावलं. "तिकडे शोधत नसतील. तिकडे मोजतच नाहीत."

"आणि आज इथे का बसलीस?"

"शेवट माहीत नव्हता. पिशव्या भरलेल्या दिसल्या, तिन्ही. कोण जातंय आणि कोण राहतंय ते बघून काढणार होते."

हे तिने अगदी कामाचं बोलावं तसं सांगितलं, पण दप्तराचा पट्टा मुठीत इतका आवळून धरला होता की ठिपक्यांभोवती बोटं पांढरी पडली होती. आईला ते दप्तर दिसलं. रोजच्यापेक्षा फुगलेलं. ती खाली उतरली, तिच्याशेजारी बसली आणि ठिपकी नको म्हणायच्या आत बकल उघडलं. आत दोन फ्रॉक होते, दात घासायचा ब्रश, आईने शिवलेला लोकरी कोट आणि कुंचले. चौथी पिशवी. तिघंही गेले असते तर हीसुद्धा निघाली असती, कोणालाही कळलं नसतं, कारण शोधणारा प्रत्येकजण ती दुसऱ्याकडे आहे असंच समजला असता. पोलिसांच्या कल्पनेनेही आई कधी इतकी घाबरली नव्हती. तिला रडू आलं. ते गिळायला तिने दप्तर आणखी उचकलं, आणि मग थांबली.

"पुस्तकं कुठेत?"

"कसली?"

"शाळेची."

ठिपकीने एकदा बाबांकडे पाहिलं, एकदा आजोबांकडे. "शाळेत कोणी घातलंय मला?"

"म्हणजे रोज सकाळी—"

"कचेरीत. तिथे टेबल आहे. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक असेल."

बाबा मटकन पायरीवर बसले. कर्दनकाळाला इतका फटका आखाड्यात कोणी दिला नव्हता. आजोबा, ज्यांनी भूगोलाचा एक तास जन्मात घेतला नव्हता, "पण भूगोल?" असं दोनदा म्हणाले. आई उठून उभी राहिली. तिने कमरेवर हात ठेवले.

"शाळेत जात नाहीस? इतके दिवस? आणि मी रोज सकाळी उठून तुझ्या वेण्या घालतेय, डबा भरतेय, तो काय कचेरीतल्या लोकांना खायला? नऊचा पाढा येतो का? म्हणून दाखव. म्हण. आणि ते कोटाच्या अस्तराला हात कोणी पुसले? सरळ बघ माझ्याकडे. एवढी अक्कल आहे, साऱ्या शहराला वाचायला लावतेस, आणि नावाला एक इयत्ता नाही? उद्या तुझी मुलं विचारतील, तेव्हा सांगशील, मला कोणी शाळेत घातलं नाही, तीन-तीन माणसं घरात असून? अहो, तुम्ही काय बघता, तुम्हाला दिसलं नाही तिच्या दप्तरात पुस्तक नाही ते? वाचनालयवाले ना तुम्ही?"

"मी कुठे वाचनालय—" बाबा म्हणू लागले.

"मधे बोलू नका. उद्यापासून ही शाळेत जाईल. सकाळी मी पोचवणार, दुपारी तुम्ही आणणार, आणि आजोबा अभ्यास घेणार. चित्रं काढायची ती संध्याकाळी, हात धुऊन."

खालून घरमालकीणबाईंचं दार उघडलं. "काय हो, काय झालं? कोण ओरडतंय एवढं?"

"काही नाही बाई, घरचंच आहे," आजोबा वरून म्हणाले आणि ट्रंक उचलून पुन्हा वर चढू लागले. बाबांनी आईची पिशवी घेतली, ठिपकीचं दप्तर घेतलं, सांडलेले अंक काखेत मारले आणि चवड्यांवर न चालता धाड धाड वर गेले.

ठिपकी पायरीवर मान खाली घालून उभी होती. तिचे डोळे भरले होते, आणि आईच्या तोंडाकडे ती चोरून बघत होती.

"झालं?" तिने हळूच विचारलं.

"इतक्यात?" आई म्हणाली. "अजून सुरुवातसुद्धा नाही. आत चल."